उसाच्या चिपाडातील औषधी वलय

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून बिऱ्हाडे हलू लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी जातात व उन्हाळा लागता लागता परततात. त्यांनी तोडलेल्या उसाचा रस साखर होऊन आपल्या घरी येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. रस निघाल्यावर जो कोरडा चोथा मागे राहतो त्याला आपण चिपाड म्हणतो आणि कारखान्यातील माणसे बगॅस म्हणतात. त्याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. या चिपाडातून, तसेच मक्याची कणसे, ओटची टरफले, सरकीची साले अशा शेतातील टाकाऊ मालातून, रसायनशास्त्र एक छोटेसे वलय घडवते. त्या वलयापासून तयार होणारे एक जुने औषध आज मूत्रमार्गाच्या संसर्गावर प्रथम पसंतीचे मानले जाते. या संसर्गाचा धोका ज्या स्त्रियांना विशेष असतो, त्यांत उसाच्या फडात राबणाऱ्या स्त्रिया आहेत. आजच्या लेखात चिपाड, औषध आणि त्या स्त्रियांचे आरोग्य या तिन्हींचा एकत्र विचार करू.

वलय म्हणजे काय?

सजीवांच्या शरीरातील बहुतेक संयुगांचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा असतो. हे अणू एकमेकांना जोडून कधी सरळ साखळी करतात, कधी तिला फांद्या फुटतात, तर कधी साखळीचे दोन्ही शेवट एकमेकांना जुळून बांगडीसारखा बंद आकार तयार होतो. अशा बंद आकाराच्या संयुगांना वलयी संयुगे म्हणतात. वलयात बहुधा पाच किंवा सहा अणू असतात. सारे अणू कार्बनचेच असतात असे नाही. एखाद्या जागी ऑक्सिजन किंवा नायट्रोजनही बसतो.

औषधशास्त्रात वलयांचे महत्त्व मोठे आहे. दोरीला हवा तसा पीळ देता येतो, पण कडीचा आकार सहसा बदलत नाही. तसेच साखळीचा रेणू लवचीक असतो, तर वलयाचा रेणू आपला आकार टिकवून धरतो. त्यामुळे तो शरीरातील किंवा जंतूमधील ठरावीक जागी नेमका बसू शकतो. तापावरचे पॅरासिटामॉल, वेदनेवरचे ॲस्पिरिन, चहा-कॉफीतील कॅफीन, हळदीतील कर्क्युमिन, व्हॅनिलाचा सुगंध देणारे व्हॅनिलिन या साऱ्यांच्या रचनेत वलय आहे.

ही वलये येतात कोठून? हळदीतील किंवा कॉफीतील वलय झाडच तयार करते. परंतु कारखान्यात बनणाऱ्या औषधांसाठी लागणारी बहुसंख्य वलये एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशाच्या डांबरातून आणि पुढे खनिज तेलातून मिळू लागली. पॅरासिटामॉलच्या गोळीतील वलयाचा उगम बहुधा तेलविहिरीत असतो. खनिज तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली. ते एकदा उपसले की संपते. ऊस, मका, कापूस ही पिके मात्र दरवर्षी उगवतात. म्हणून शेतातल्या उरल्यासुरल्या मालापासून उपयुक्त वलये घडवण्याकडे जगभरातील रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष लागले आहे. या साऱ्या प्रयत्नांत एक वाट मात्र नवी नाही. ती शंभर वर्षांपासून चालू आहे आणि तिची सुरुवात कोंड्यापासून झाली.

कोंड्यातून निघालेले फरफ्युरल

दहावीच्या पुस्तकात मूलद्रव्यांच्या ‘त्रिकां’मुळे विद्यार्थ्यांना परिचित असलेले जर्मन शास्त्रज्ञ योहान व्होल्फगांग डोबेरायनर यांनी १८३२ मध्ये एका तेलकट द्रवाची नोंद केली. फॉर्मिक आम्ल तयार करताना तो त्यांना थोड्या प्रमाणात मिळाला होता. १८४० मध्ये स्कॉटलंडचे जॉन स्टेनहाउस यांनी दाखवून दिले की मका, ओट, कोंडा, लाकडाचा भुसा असे निरनिराळे पदार्थ सौम्य गंधकाम्लाबरोबर तापवले की हाच द्रव मिळतो. लॅटिन भाषेत कोंड्याला ‘फरफर’ म्हणतात. त्यावरून या द्रवाचे नाव फरफ्युरल पडले. मात्र तो उद्योगाच्या प्रमाणात तयार व्हायला १९२२ साल उजाडले. अमेरिकेतील आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स कंपनीपुढे ओटच्या टरफलांचे ढीग साचत होते. त्यांतून तिने फरफ्युरल काढण्यास प्रारंभ केला. पुढे कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात उसाच्या चिपाडापासून ते मोठ्या प्रमाणावर बनू लागले. आज या द्रवाचे सर्वाधिक उत्पादन चीनमध्ये होते व तेथे मुख्यतः दाणे काढून उरलेली मक्याची कणसे वापरतात. विशेष म्हणजे खनिज तेलापासून फरफ्युरल बनवणे कोणालाच परवडत नाही. जगातील जवळजवळ सर्व फरफ्युरल आजही शेतातूनच येते.

चिपाडात हे वलय तयार कसे होते, ते समजून घेऊ. चिपाडाचे तीन मुख्य घटक असतात. पहिला सेल्युलोज, म्हणजे कापसात असतो तोच. दुसरा लिग्निन; लाकडाला टणकपणा देणारा, तंतूंना बांधून ठेवणारा. तिसरा हेमिसेल्युलोज, सुक्या चिपाडाचा साधारण चौथा हिस्सा याचा असतो. हेमिसेल्युलोज ही झायलोज नावाच्या साखरेची लांब माळ असते. आम्ल आणि वाफेची उष्णता मिळाली की माळ तुटून झायलोजचे मणी सुटे होतात. प्रत्येक मण्यातून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि उरलेले अणू एकमेकांकडे वळून पाच अणूंचे वलय पुरे करतात. या वलयात चार कार्बन आणि एक ऑक्सिजन असतो. त्याला ‘फ्युरॅन’ वलय असे नाव आहे. तयार झालेले फरफ्युरल वाफेबरोबर वर येते आणि थंड करून वेगळे काढले जाते. त्याला कडू बदामासारखा वास येतो. ताजेपणी ते जवळजवळ रंगहीन असते, पण हवा लागली की पिवळे, मग तपकिरी होत जाते.

ही क्रिया वाटते तितकी परकी नाही. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत असताना त्याचा रंग गडद होतो, पावाची कड भाजली जाते, कॉफीच्या बिया भाजताना घरभर वास पसरतो. या प्रत्येक ठिकाणी साखरेतून पाणी निघून फरफ्युरल व त्याची भावंडे अत्यल्प प्रमाणात तयार होत असतात. मध तापवला किंवा फार काळ ठेवला की त्यातही असेच एक भावंड वाढत जाते. मधाची प्रत ठरवताना त्याचे प्रमाण तपासण्याची पद्धत जगभर आहे.

वलयापासून औषधापर्यंत

फरफ्युरल हे स्वतः औषध नव्हे. ते त्वचेला आणि श्वसनमार्गाला घातक आहे. परंतु त्यातील वलयाला निरनिराळे गट जोडले की गुणधर्म पालटतात. १९४४ मध्ये अमेरिकेतील मॅथ्यू डॉड व विल्यम स्टिलमन या संशोधकांनी प्रसिद्ध केले की फ्युरॅन वलयावर ठरावीक जागी नायट्रो गट बसवला असता जंतूंना मारण्याची शक्ती येते. त्यातून नायट्रोफ्युरॅन हा औषधांचा वर्ग जन्माला आला. जखमेवर लावण्याचे पिवळे नायट्रोफ्युराझोन मलम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. याच वर्गातील नायट्रोफ्युरँटॉइन हे पोटात घेण्याचे औषध १९५३ पासून वापरात आहे.

या औषधाचा एक गुण फार मोलाचा आहे. पोटात घेतल्यावर ते रक्तात फारसे साठत नाही. मूत्रपिंडे ते चटकन गाळून मूत्रात सोडतात आणि मूत्राशयात त्याचे प्रमाण पुरेसे वाढते. म्हणजे जेथे जंतू आहेत तेथेच ते पोहोचते. तेथे जंतूंचीच विकरे त्याच्या नायट्रो गटावर क्रिया करून त्याला अत्यंत क्रियाशील बनवतात आणि ते जंतूंची प्रथिने, जनुकद्रव्य, ऊर्जानिर्मिती अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी आघात करते. एकाच कुलपावर अवलंबून असलेल्या औषधाला जंतू लवकर चकवतात. अनेक जागी घाव घालणाऱ्या औषधाला चकवणे अवघड जाते. म्हणूनच सत्तर वर्षांच्या वापरानंतरही या औषधाला दाद न देणारे जंतू तुलनेने कमी आढळतात. अनेक नवी, महागडी प्रतिजैविके निष्प्रभ होत असताना हे जुने, स्वस्त औषध पुन्हा पहिल्या रांगेत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची जी वर्गवारी केली आहे, तीत ते सर्वांना सहज उपलब्ध असावे अशा गटात मोडते.

याच वलयाची इतर औषधेही घराघरांत परिचित आहेत. हृदय अशक्त झाल्यावर अंगावर आलेली सूज उतरवण्यासाठी दिली जाणारी फ्युरोसेमाइडची गोळी घ्या. तिच्या नावातील ‘फ्युर’ या वलयाचीच खूण आहे. आम्लपित्तावर वर्षानुवर्षे घेतली गेलेली रॅनिटिडिनची गोळीही याच वलयावर उभी आहे. पुढे त्या औषधात कर्करोगकारक ठरू शकणारा घटक तयार होत असल्याचे आढळले, २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून हटवले आणि २०२२ च्या आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतूनही ते वगळले गेले. मूळ कच्चा माल वनस्पतीचा होता, म्हणून औषध आपोआप निर्धोक ठरले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

उन्हाळी लागणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग

लघवीला जळजळ होणे, थेंब थेंब होणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे या त्रासाला आपल्याकडे ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. उन्हात पाणी कमी पडले की लघवी दाट होते व जळजळते. भरपूर पाणी प्यायल्यावर असा त्रास काही तासांत थांबतो. परंतु तो दोन दिवस टिकला, लघवी गढूळ झाली, तिला दुर्गंधी आली, ओटीपोटात दुखू लागले किंवा लघवीतून रक्त गेले, तर तो बहुधा मूत्रमार्गाचा संसर्ग असतो. त्याला कारण ठरणारा जंतू बहुतेक वेळा ‘ई. कोलाय’ हा आपल्याच आतड्यातील रहिवासी असतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे पुरुषांपेक्षा फारच आखूड असतो. शिवाय तो गुदद्वाराच्या जवळ असल्याने जंतूंना मूत्राशयापर्यंतचा प्रवास सोपा जातो. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो.

आता उसाच्या फडातील दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटे अंधारात कोयता हाती घेऊन पती-पत्नी फडात उतरतात. तोडणीच्या करारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंड पडतो. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, आणि त्यानंतर खोपीवर येऊन स्वयंपाक करायचा. फडात शौचालय नसते, आडोसा नसतो. पुरुष कोठेही जातो; बाईला अंधार पडेपर्यंत थांबावे लागते. जायला लागू नये म्हणून ती पाणीच कमी पिते. लघवी तुंबवून धरणे आणि पाणी कमी पिणे या दोन्ही सवयींनी मूत्राशय वेळेवर रिकामे होत नाही व जंतूंना वाढायला अवधी मिळतो. पाळीच्या दिवसांत धुण्याला पुरेसे पाणी आणि कपडा वाळवायला जागा नसली की त्रासात भर पडते. येथे दोष त्या स्त्रीच्या निष्काळजीपणाचा नाही. तिने जपावे अशी सोयच तिला दिलेली नाही.

दुखणे एक, उपचार भलताच

ओटीपोटात दुखते, जळजळते, अंगावरून पांढरे जाते, अशी तक्रार घेऊन ती स्त्री दवाखान्यात जाते तेव्हा या तक्रारींची कारणे वेगवेगळी असू शकतात. मूत्राशयाचा संसर्ग असेल तर लघवीच्या साध्या तपासणीत कळतो. योनिमार्गाचा दाह असेल तर तो निराळा. त्याची औषधे निराळी. गर्भाशयाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचलेला संसर्ग आणखी निराळा. मूत्रमार्गाचे औषध या दुसऱ्या दोन दुखण्यांवर चालत नाही, आणि तिन्हींपैकी बहुतेक वेळा शस्त्रक्रियेची गरजही पडत नाही. निदान नीट व्हावे यासाठी तपासणी, प्रश्न विचारणे आणि थोडा वेळ एवढेच लागते.

बीड जिल्ह्यात मात्र अनेक स्त्रियांच्या वाट्याला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला आला. २०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला. तेव्हा राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण शंभरी तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नसले, तरी एवढा फरक केवळ वयाने पडत नाही.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया काही आजारांत अत्यावश्यक असते. तिला सरसकट नावे ठेवणे योग्य नव्हे. कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी अशा स्थितींत ती जीव वाचवते. परंतु तरुण वयात विनाकारण ती झाली तर तिचे परिणाम दीर्घकाळ सोसावे लागतात. बीजांडकोषही काढले गेले तर ऋतुनिवृत्ती तत्काळ येते. अंगातून वाफा येणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे हे तिच्यामागून येते. बीजांडकोष ठेवले तरी ऋतुनिवृत्ती काही वर्षे अगोदर येऊ शकते. ज्या बाईला पुढची वीस वर्षे डोक्यावर मोळी वाहायची आहे, तिच्या हाडांचा विचार शस्त्रक्रियेआधी व्हायला हवा.

एका टन उसाचा हिशेब

येथे थोडे गणित करून पाहू. एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो ओले चिपाड निघते. त्यात निम्मे पाणी असते. म्हणजे सुके चिपाड सुमारे १४० किलो. त्यातून व्यवहारात दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे १४ किलो फरफ्युरल मिळू शकते. आता औषधाकडे वळू. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात प्रौढ स्त्रीला नायट्रोफ्युरँटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या दोन मात्रा दररोज, अशा साधारण पाच दिवस देतात. पूर्ण उपचाराला एक ग्रॅम औषध पुरते. त्या एका ग्रॅमसाठी रेणूंच्या वजनाच्या हिशेबाने ०.४ ग्रॅम फरफ्युरल लागते. औषध घडवताना मधल्या टप्प्यांवर तीन-चतुर्थांश माल वाया गेला असे मानले, तरी एका टन उसाच्या चिपाडातील वलये आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या उपचारांना पुरतील.

हा हिशेब कागदावरचा आहे. आपल्या भागातील चिपाडाचे औषध होते असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे बहुतेक चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते आणि त्यावर वाफ व वीज तयार होते. परंतु या हिशेबातून एक गोष्ट निर्विवाद दिसते: वलय दुर्मीळ नाही आणि औषधही दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे तो फडाजवळचा पाण्याचा हंडा, चार भिंतींचे शौचालय, लघवीची वेळेवर तपासणी आणि एक दिवस खाडा करण्याची मुभा.

औषध घेताना

नायट्रोफ्युरँटॉइन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे औषध आहे. ओळखीच्या बाईला लागू पडले म्हणून तिच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. ते जेवणाबरोबर घेतल्यास मळमळ कमी होते व शरीरात चांगले शोषले जाते. लघवीचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी होतो. त्याला घाबरू नये. दोन दिवसांत बरे वाटले तरी सांगितलेला क्रम पुरा करावा. मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांना, गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आणि ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना ते दिले जात नाही. महिनोन्‌महिने घेतल्यास क्वचित फुप्फुसांना किंवा हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते.

संसर्ग मूत्राशयापर्यंत मर्यादित असतानाच हे औषध उपयोगी पडते. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या ही लक्षणे जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची खूण असते. तेथे हे औषध पुरे पडत नाही. रुग्णालयात तातडीने जावे. गरोदर स्त्रीला काहीही त्रास होत नसला तरी लघवीची तपासणी करून घ्यावी. लक्षण नसलेला संसर्गही वेळेआधी प्रसूती होण्यास कारण ठरू शकतो. पुरुष, लहान मुले आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्या बाबतीत हा त्रास साधा समजू नये.

‘वनस्पतीजन्य’ या शब्दाने भुलून जाण्याचा काळ आहे म्हणून आणखी एक सांगणे आवश्यक वाटते. ऊस खाल्ल्याने किंवा चिपाडाचा काढा घेतल्याने हे औषध शरीरात तयार होत नाही. वलय बंद व्हायला आम्ल व वाफ लागते आणि त्यावर पुढचे गट बसवायला कारखाना लागतो. ज्या नायट्रोफ्युरॅन वर्गाने माणसांना उपकार केले, त्याच वर्गाची औषधे कोंबड्या, अंडी, कोळंबी यांच्या पैदाशीत वापरण्यास युरोपीय संघाने १९९० च्या दशकात बंदी घातली. भारतातही अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्यांना मनाई आहे, कारण त्यांचे अवशेष अन्नातून रोज पोटात जाणे घातक ठरू शकते. एकच पदार्थ मात्रेने, वेळेने आणि हेतूने औषध किंवा विष ठरतो.

पुढची वाट

शेतातील मालापासून वलये घडवण्याचे काम फरफ्युरलवर थांबलेले नाही. साखर आंबवून दुग्धाम्ल मिळते; विरजणातील जंतूंचे भाऊबंदच ते काम करतात. दुग्धाम्लाचे दोन रेणू जोडले की लॅक्टाइड हे सहा अणूंचे वलय तयार होते. ही वलये उघडून एकमेकांना जोडली की मातीत विघटन पावू शकणारे प्लास्टिक बनते. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळून जाणाऱ्या टाक्यांच्या धाग्यातही लॅक्टाइडचा अंश असतो. पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने अशा जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू केला आहे. मराठवाड्यात शेताच्या बांधावर जळणाऱ्या पऱ्हाट्यांतही झायलोजची माळ आहेच.

अर्थात हा मार्ग निष्कंटक नाही. फरफ्युरलच्या कारखान्यात आम्लयुक्त सांडपाणी निघते, ते शुद्ध केल्यावाचून ओढ्यात सोडले तर एका रोगावर औषध करताना दुसरा रोग पसरेल. चिपाड औषधाकडे वळवले तर बॉयलरला जळण कोठून आणायचे, हाही प्रश्न आहे. त्यावर दिलासा एवढाच की फरफ्युरल काढून घेतल्यावर उरलेला भाग जाळता येतो. असे उद्योग आपल्याकडे उभे राहिले तर त्यांच्या हिशेबात ऊस तोडणारीचे पाणी आणि शौचालयही धरले जावे.

तोवर आपण कुटुंबांनी काय करावे? कामाला जाणाऱ्या लेकी-सुनांना पाण्याची बाटली भरून देणे आणि लघवी तुंबवून धरू नकोस हे मोकळेपणाने सांगणे, ही पहिली गोष्ट. जळजळ दोन दिवसांपेक्षा अधिक टिकली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी करून घ्यावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. कोणी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला तर कारण लेखी मागावे, बीजांडकोष ठेवणार की काढणार हे विचारावे आणि जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या शासकीय संस्थेत दुसरे मत घ्यावे. ऊसतोडीला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी करून घेण्याची संधी मिळेल तेव्हा ती सोडू नये. ज्या गावांत कारखाने आहेत, तेथील वाचकांनी आपल्या शिवारात उतरलेल्या टोळीला पिण्याचे पाणी मिळते का आणि बायकांसाठी आडोसा आहे का, हे एकदा जाऊन पाहावे. हंगाम चालू असताना केलेली एवढी विचारपूसही कोणाच्या तरी दुखण्याला वेळीच आवर घालू शकेल.